आजीच्या ओव्यांसाठी हाताने कव्हर करताना

प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या ताईंनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात, अकरा मिनिटांच्या. दिवाळीनंतर आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तेव्हा पाव्हण्यारावळ्यांना 50 प्रती द्यायच्यात. कव्हर छापखान्यातलं नको, हाताने केलेलं हवं. रेकॉर्डिंगसोबत त्यांनी स्वतः काढलेलं कच्चं चित्रही पाठवलंय: वारली पद्धतीची बाई जातं ओढतेय, मागे बैलगाडी, डोंगर आणि उगवता सूर्य. विचारतात, "हे बरं दिसेल का, आणि कागद कोणता घेऊ?"

ताई, कागदाचं सोपं आहे, ते पुढे सांगतो. चित्र मात्र बाजूला ठेवा. वाईट आहे म्हणून नाही, हात चांगलाय तुमचा. पण हे चित्र ओव्या न ऐकताही काढता आलं असतं. आणि वारली ही डहाणू-पालघरकडची. तुमच्या आजींच्या भिंतीवर ती कधी नव्हती. तिथे गेरूचा पट्टा असेल, चुलीभोवती पोतेरं असेल, पंचमीला काढलेला नाग असेल. हल्ली 'गावाकडचं' काहीही दाखवायचं म्हटलं की लोक वारलीची माणसं नाचवतात, लग्नपत्रिकेपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत. मीही छापलीत, पोटासाठी. म्हणून सांगायचा हक्क आहे.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. लातुरात मी तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग करतोय. नव्वदीच्या दशकात लग्नपत्रिका आणि बिलबुकांच्या जोडीला कॅसेटच्या डबीतला कागदही छापायचो, त्याला आम्ही इनले म्हणायचो. एका गोंधळी मंडळाची कॅसेट निघाली. मी गाणी ऐकली, वहीत यादी केली आणि यादीतलं सगळं काढलं: तुळजापूरचं देऊळ, देवी, वाघ, संबळ, तुणतुणं, दिवटी, परडी. मोठ्या कागदावर झकास दिसत होतं. इनलेची पुढची बाजू असते साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटर. तिथे त्याचा नुसता चिखल झाला. दुकानदाराने ती कॅसेट देवीच्या बाकीच्या कॅसेटींच्या ढिगात टाकली आणि त्या ढिगातून ती मलाच ओळखता येईना. तेव्हापासून गाण्यात काय काय आहे याची यादी मी करत नाही.

मग काय करायचं? ऐकायचं. तुमचं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा शब्द ऐकले. दुसऱ्यांदा शब्द सोडून नुसती जात्याची घरघर. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली, टोक कागदावर टेकवलं, डोळे मिटले आणि जात्याबरोबर हात फिरवत राहिलो. हे तुम्हीही करा, वेडेपणा वाटला तरी. वैरण, म्हणजे दळायचे मूठभर दाणे, घातली की जातं जड होतं, हात आपोआप हळू फिरतो आणि रेघ दाट पडते. दाणे संपत आले की आवाज कोरडा होतो, दगडावर दगड घासल्यासारखा, आणि हात पळायला लागतो. मग परत मूठभर वैरण. आजी प्रत्येक ओवीचा शेवट बरोबर या जड झालेल्या फेऱ्यावर आणतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसणार.

आता सहाव्या मिनिटाला काय होतं ते परत ऐका. जातं थांबतं. वैरण संपली असेल, खांदा दुखला असेल, तुम्हीच मध्ये काही विचारलं असेल. पण आजी थांबत नाहीत. जवळजवळ दीड ओवी त्या जात्याशिवाय म्हणतात. नुसता आवाज, मागे कुठेतरी कोंबडी. आणि ती ओवी नेमकी कोणती? मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा भाऊ, येईल म्हणून पंचमीला वाटेकडे डोळे लावलेल्या बहिणीची. ओवी संपते तरी भाऊ येत नाही. तुमच्या चित्रातली बैलगाडी हीच तर गाण्यात नाही. सगळं गाणं तिच्यासाठी खोळंबलंय आणि तुम्ही ती अंगणात आणून उभी केलीत.

मला विचाराल तर कव्हर या दीड ओवीचं करा. जात्याचं वर्तुळ आणि त्यात एक जागा कोरी. एवढंच.

जात्याचं वर्तुळ काढू नका, जात्याकडूनच घ्या. ते जातं अजून आहे म्हणता, म्हणजे अर्धं काम झालं. वरच्या पाळूचा खुंटा काढा. दोघांनी मिळून पाळू उचला आणि पोत्यावर उलटी ठेवा. एकट्याने उचलू नका, बोटं चेंगरतात. आतली बाजू वर आली की कोरड्या ब्रशने पीठ आणि धूळ झाडा. पाणी लावू नका, ओल्या दगडावर कागद फुगतो. आता तिरप्या उन्हात बघा. पाथरवटाने छिन्नीने टाकी लावलेली आहे, त्या टाकीचे ठिपके दिसतील. काही जागी ठळक असतील, काही जागी झिजून गुळगुळीत झालेले असतील. आजींनी किती वर्षं दळलं ते त्या झिजेवर दिसतं. फोटोत हे येत नाही, घासून घेतलेल्या ठशात येतं.

ठसा घ्यायला ट्रेसिंग पेपर आणा, ए-थ्री आकाराचा. तो पाळूवर ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. कागद हलला की ठसा दुहेरी उमटतो आणि मग काही इलाज नाही. काळा मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासा. सुरुवात कडेकडून करा. पहिले दोन-तीन कागद वाया जाणार, ते जाऊ द्या. मुलांचे स्वस्त खडू चालतात, पण त्यातला काळा पुष्कळदा करडा निघतो. तेवढे चार पैसे जास्त घालून चांगला घ्या. कोळशाने घासायचा मोह होईल, दिसतोही छान, पण तो हाताला लागतो आणि पुढच्या कामाला उपयोगाचा नाही.

पुढचं काम असं. ट्रेसिंग पेपरवर मेणाच्या खडूने घेतलेला गडद ठसा हाच स्क्रीनचा, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीचा, पॉझिटिव्ह: उजेड अडवणारा नमुना. वेगळी फिल्म काढायची गरज नाही, संगणकावर न्यायची गरज नाही. स्क्रीनला उजेडाने घट्ट होणारं कोटिंग करून अंधारात वाळवा, त्यावर ठसा ठेवा, वर काच ठेवा आणि उजेड द्या. जिथे मेण आहे तिथे उजेड पोचत नाही, तिथलं कोटिंग पाण्याने धुऊन जातं आणि तिथून शाई उतरते. दगडाचा खरखरीतपणा ठिपक्याठिपक्याने उतरतो. मी हे पहिल्यांदा लोडशेडिंगमुळे केलं. दिवसा लाइट नसायची, म्हणून गच्चीवर उन्हात स्क्रीनला उजेड द्यायला शिकलो. आपल्याकडचं दुपारचं ऊन फार कडक असतं, त्यामुळे आधी एका तुकड्यावर वेगवेगळ्या वेळा देऊन बघा. मिनिटाचा हिशेब नको, सेकंद मोजा. धुवायला पाणी फार लागतं असं लोक म्हणतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी एका बादलीत दोन स्क्रीन धुतल्यात. जुना स्प्रेचा पंप वापरा, जोर मिळतो आणि पाणी वाचतं.

स्वतः स्क्रीन करायची नसेल तर अंबाजोगाईत किंवा परळीत पत्रिका छापणारा कुणीतरी करून देईल. जाळी फार बारीक नको म्हणून सांगा, आणि शाई कापडावर छापतात तशी वॉटर बेस. छापायला मात्र स्वतः बसा, घरातल्या पोरांना घेऊन. रबराची पट्टी ओढताना दाब कमी-जास्त होतो, प्रत्येक प्रत वेगळी निघते. त्यासाठीच तर हाताने करतोय.

आता कोरी जागा. ट्रेसिंग पेपरवर घासतानाच ती सोडून द्या. वर्तुळाच्या उजव्या बाजूला, घड्याळात दोन ते चार वाजतात तेवढी फोड. तिच्या कडा पट्टीने कापल्यासारख्या सरळ नकोत. घासता घासता हात उचलला की रेघा विरळ होत संपतात, तशाच राहू द्या, आजींचं जातं जसं थांबतं तसं. त्या कोऱ्या जागेत पान-फूल काही घालायचं नाही. तुमची आत्या म्हणेल, "इथं काहीतरी राहिलंय गं." राहू द्या.

आकाराचं बोलू. चौरस कव्हरची सवय आपल्याला तबकड्यांनी लावली. सुरुवातीला 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. मोठं संगीत असलं की चार-पाच तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुस्तकात बांधून विकायचे, 'अल्बम' हा शब्द तिथून आला. बाहेरून ती पुस्तकं साधीच, पुठ्ठा आणि नाव. 1940 च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे 1948 मध्ये बारा इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि कव्हर भिंतीवर लावण्याइतकं मोठं झालं. तुम्हाला बारा इंच नको, सीडीचं 12 सेंटिमीटरही नको. 45 आरपीएमच्या छोट्या तबकडीचं कव्हर सात इंचाचं असायचं, त्याच्या आसपास राहा. 18.5 सेंटिमीटरचा चौरस हातात बरोबर बसतो. आणि दुसरं म्हणजे, पुढचं आणि मागचं पान मिळून उघडलं की 37 सेंटिमीटर होतात, म्हणजे साडेचौदा इंच. जातंही साधारण तेवढंच असतं. वर्तुळ पुढून मागे वळेल. पाळूचं तोंड, जिथून वैरण आत जाते ते भोक, बरोबर मधल्या घडीवर येईल. कव्हर बंद असलं की अर्धं जातं दिसतं, उलगडलं की पूर्ण रुंदीचं, वरून-खालून साधारण पाव-पाव कापलेलं. म्हणून छपाई आधी, घडी आणि चिकटवणं नंतर.

कागद संभाजीनगरहून आणा. खुलताबादच्या वाटेवर दौलताबादच्या पुढे कागजीपुरा लागतं. तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासून तिथे कागद होतो असं सांगतात, गावाचं नावच त्यावरून पडलं. चिंध्यांच्या आणि सुताच्या लगद्याचा हातकागद तिथे अजून मिळतो. 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा, पांढराफेक नको, कच्च्या सुताच्या रंगाचा घ्या. छपाईची बाजू हाताने चाचपून ठरवा, एक बाजू जरा गुळगुळीत असते.

साधारण 22 बाय 30 इंचाचा ताव मिळाला तर तो म्हणजे 56 बाय 76 सेंटिमीटर. त्यात रुंदीकडून 37 चे दोन आणि उंचीकडून 21.5 चे दोन बसतात, एकूण चार कव्हरं. 21.5 का, तर 18.5 च्या वर-खाली दीड-दीड सेंटिमीटरच्या पट्ट्या चिकटवायला हव्यात. त्या फक्त मागच्या पानाला ठेवा, पुढच्या पानाच्या कापून टाका. 50 प्रतींना तेरा ताव पुरतात, तुम्ही सोळा घ्या. तावाची नैसर्गिक फाटकी कड कापू नका. प्रत्येक कव्हरचं तोंड त्या कडेला येईल अशीच मांडणी करा, म्हणजे प्रत्येकाला एक खरी कड मिळते. खाली 13 सेंटिमीटरची जी पट्टी उरते ती फेकायची नाही. त्यात 13 बाय 17.5 ची चार कार्डं निघतात, कव्हरात बरोबर सरकतात. ओव्यांचे शब्द त्यावर.

घडी घालण्याआधी बोथट सुरीच्या पाठीने रेघ दाबून घ्या. हातकागदाला मशीनच्या कागदासारखी ठरावीक नस नसते, त्यामुळे आडवी-उभी कशीही घडी चालते, पण रेघ न दाबता मोडलात तर घडीवर शाई तडकते.

रंग एकच छापा, काळपट तपकिरी. वर गेरू हाताने. ओट्याच्या कडेला आजी ओढतात तसा बोटभर पट्टा, कव्हराच्या फाटक्या कडेला. गेरू पाट्यावर बारीक वाटा, फडक्यातून गाळा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. वाळल्यावर अंगठ्याने घासून बघा. लाल हाताला लागला तर डिंक कमी पडलाय, चकाकून तडे गेले तर जास्त झालाय. गेरू, पिवळी माती, काजळ हे रंग उडत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर हेच आहेत आणि पंधराशे वर्षांनंतरही लाल तो लालच. हळदीच्या नादी मात्र लागू नका. एकदा एका पत्रिकेला मी हौसेने हळदीचा हात दिला होता. खिडकीत ठेवलेली थप्पी महिन्यात फिकी पडली, आणि एका ठिकाणी ओल्या चुन्याचा हात लागला तिथे लालभडक डाग. नवरीच्या वडिलांना तो कुंकवाचा वाटला, म्हणून निभावलं.

नावाला अक्षर कोणतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेच बहुतेक कव्हरं बिघडतात. संगणकावरचा नक्षीदार फॉन्ट नको. मोंढ्यात जा आणि डाळीच्या, सोयाबीनच्या पोत्यांवर आडतीचा मार्का मारतात तो पत्रा बघा. कोरलेल्या अक्षराची शिरोरेघ जागोजागी तुटलेली दिसेल. ती हौसेने तोडलेली नसते. देवनागरीत अख्खी शिरोरेघ कोरली की अक्षरांमधला पत्रा जिभेसारखा लोंबायला लागतो, म्हणून मध्ये पूल सोडावे लागतात. कव्हरवरचं नाव 'मुराळी' एवढंच असावं असं मला वाटतं. तो शब्द कार्डशीटवर स्वतः कोरा. 'म'च्या पोटातला तुकडा आणि 'ळ'चे दोन्ही डोळे पूल न सोडता कापलेत तर गळून पडतील. प्रत्येकाला काडीपेटीच्या काडीएवढा पूल ठेवा. स्पंजने थोपटून मारा, ब्रशने मारलंत तर शाई खाली घुसते. जागा खाली डावीकडे, कोऱ्या फोडीपासून लांब. अंगठ्याएवढं पुरे.

जाता जाता एक चाचणी. पहिल्या प्रतीचा फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला लावून बघा. पुढे नातेवाईक तो फोटोच फिरवणार आहेत. बोटाच्या नखाएवढ्या गोलातसुद्धा अर्धं जातं आणि तुटलेली जागा कळली पाहिजे. नाव नाही वाचता आलं तरी चालेल.

आत सीडी घालू नका, लावायला कुणाकडे काही नाही. कार्डाच्या मागे रेकॉर्डिंगच्या लिंकचा क्यूआर कोड द्या, पण तो हातकागदावर छापू नका, धाग्यांमुळे वाचला जात नाही. साध्या पांढऱ्या स्टिकरवर, अडीच सेंटिमीटरचा, चारी बाजूंना पांढरी जागा सोडून. आणि लिंक स्वतःच्या फोनवर नव्हे, शेजाऱ्याच्या जुन्या फोनवर उघडून बघा. 'परवानगी मागा' असं आलं तर सेटिंग बदलायचं राहिलंय.

मागच्या पानावर आजींचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, रेकॉर्डिंगची तारीख. 'पारंपरिक ओव्या' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातसुद्धा ओवीसोबत गाणारीचं आणि गावाचं नाव नोंदवलेलं आहे. ओवी सगळ्यांची असेल, पण सहाव्या मिनिटाला जातं सोडून पुढे म्हणणारा आवाज आजींचाच आहे. त्यांचा फोटो हवाच असेल तर कार्डावर, आत. सुरकुतलेल्या हातांचा काळा-पांढरा फोटो पुढच्या पानावर घालायचं सुचेल कुणाला तरी. त्यांना चहा पाजा.

चिकटवायला फेविकॉल पाणी घालून पातळ करू नका, हातकागद पिऊन टाकतो आणि वाकडा होतो. मैद्याची खळ करा, घट्ट शिजवलेली, गार झालेली. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी आहे, पोरं मदतीला असतील तर न घातलेलाच बरा. खळ पट्टीवर लावा, पानावर नाही. गोधडीचा हात असणारं घरात कुणी असेल तर खळीऐवजी वर-खाली धावदोराही चालेल. मला तर तोच जास्त आवडेल, पण 50 प्रती शिवायला दोन दुपारी जातील.

चिकटवलेली कव्हरं दहा-दहाच्या थप्पीत, मध्ये बटर पेपर घालून रात्रभर दाबून ठेवा. वजन शोधायला जाऊ नका, पाळू आहेच. फक्त खाली फळी ठेवा, नाहीतर वरच्या कव्हरवर टाकीचे खड्डे उमटतील.